मदत हवी आहे: सुतार पक्षी माडीचे वासे फोडतोय

मंडळी, रंकाळ्याजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे. माडीच्या वाशांना सोनपाठी सुतार पक्ष्यानं भोकं पाडलीत. उजाडलं की टकटक सुरू, खाली पिवळसर भुसा. काही भोकं मात्र अगदी गोल, बोट जाईल एवढी; ती काळ्या भुंग्याची असावीत आणि हा त्यातल्या अळ्यांसाठीच येत असावा, असा माझा अंदाज. शेजारचे काका म्हणतात, गलोल मारा. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि मारायचा जीवही होत नाही. चकचकीत पट्ट्या टांगून कुणाला फरक पडलाय का? की सरळ जाळीच मारू? भोकं बुजवण्याआधी आत पिल्लं नाहीत हे कसं ओळखायचं? कोल्हापुरात जुन्या लाकडाचं काम जाणणारा सुतार (माणूस!) असेल तर तेही सांगा.