लिनोकट: बारीक रेषा बुजतात

प्रश्न: लिनोकट (लिनोलियमची शीट कोरून, शाई लावून छाप काढणं) आहे. ३ मिमी लिनो, ऑइल बेस शाई, चमच्याने घासून छाप. काळा भाग ठिपकेदार येतो, बारीक रेषा मात्र भरतात. शाई वाढवू की कमी करू?

– कमीच करा. काचेवर शाई पसरवताना रोलरचा आवाज बारीक सरसर असा यायला पाहिजे. चपचप वाजला की थर जाड झाला. पातळ पाच-सहा हात द्या. ठिपके कागदामुळे येतात. जाड कार्ट्रिज (चित्रकलेचा कागद) चमच्याला दाद देत नाही, नेपाळी हातकागद घ्या.

– रेष उथळ कोरली तरी बुजते. लिनो कडक असेल तर दहा मिनिटं उन्हात ठेवा, मग कोरा.

प्रश्नकर्ता: त्याच ब्लॉकवर दुसरा रंग?

– फिका रंग आधी छापा, मग तोच ब्लॉक आणखी कोरून त्यावर गडद. दोन्ही रंग जागेवर बसावेत म्हणून जपानी केंतो (कागद नेमका टेकवायच्या खुणा) करा: कोपऱ्यात काटकोनी खाच, त्याच कडेला पुढे सरळ खाच. कागद आधी कोपऱ्यात टेकवायचा. प्रती सुरुवातीलाच जास्त काढा. कोरलेलं परत येत नाही.