डाएट कोल्ड्रिंकनं वजन वाढतं का? (८ महिन्यांत ४ किलो, हिशेब लागेना)

रंकाळा_फेरी

मंडळी, घरात आठवडाभर एकाच विषयावर वाद चाललाय म्हणून इथं टाकतोय.

वय ४३, शाहूपुरीत ऑफिस, दिवसभर खुर्ची. दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, पोट आत घ्या. त्या दिवसापासून साधं कोल्ड्रिंक बंद, त्याऐवजी डाएट. रोज संध्याकाळी घरी आलो की ३०० मिलीचा एक कॅन. सकाळी रंकाळ्याला फेरीही सुरू केली (रोज नाही म्हणा, आठवड्यातनं तीन-चारदा). परवा काट्यावर उभा राहिलो तर ७८ चे ८२.

बायकोचं म्हणणं, त्या कॅनमध्येच खोट आहे. साखर न घालता गोड म्हणजे अंगाला फसवणं, आणि अंग काय खुळं नाही. माझं म्हणणं, ज्यात कॅलरीच नाही त्यानं वजन वाढेल कसं? कॅनवर शून्य छापलंय. वाऱ्यानं माणूस फुगतो का?

नक्की माहिती असलेल्यांनी सांगा. 'पाणी प्या' सोडून काहीही.

पांढरा_रस्सा

पाणी प्या.

जोतिबाच्या_नावानं

वहिनींचं बरोबर आहे दादा. आणि हे मी मनचं सांगत नाही. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सल्ला दिला की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असले गोडवे (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते पदार्थ) वापरू नका. अस्पार्टेम, सुक्रालोज, सॅकरिन, अगदी स्टीव्हियासुद्धा त्यात आलं. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात हजारो लोकांवर सात-आठ वर्षं लक्ष ठेवलं होतं, २००८ मध्ये ते छापून आलं. जो जितकी डाएट पेयं जास्त पितो तितकं त्याचं वजन जास्त वाढलेलं.

कारण सरळ आहे. जिभेला गोड लागलं की शरीर साखरेची वाट बघत बसतं. साखर येतच नाही. मग भूक खवळते. पाव्हण्याला ताटावर बसवून जेवण वाढलंच नाही तर तो शेजारच्या घरात शिरणारच की.

ऊसकरी_करवीर

सगळे डाएट प्यायला लागला तर आमच्या उसाचं काय करायचं सांगा आधी. वजन वाढतंय हेच खरं आहे असं समजून चला, आमची बिलं तरी निघतील.

प्रयोगशाळेतली_बाई

@जोतिबाच्या_नावानं, पाव्हण्याची गोष्ट झकास, पण सॅन अँटोनिओचा अर्थ तुम्ही उलटा लावताय. दवाखान्याच्या दारात आजारी माणसं जास्त दिसतात, म्हणून दवाखाना माणसाला आजारी पाडतो का? डाएट पेय कोण घेतं? ज्याचं वजन आधीच वाढायला लागलंय तो. धागाकर्त्यांनीच बघा, डॉक्टर बोलल्यावरच सुरू केलं. नुसतं लोकांवर लक्ष ठेवून असल्या अभ्यासात आधी काय आणि नंतर काय ते सुटं करता येत नाही.

ते सुटं करायचं तर चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. नेदरलँड्समध्ये तसं केलं, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. ४ ते ११ वर्षांची ६४१ मुलं, दीड वर्ष, रोज २५० मिलीचा एक कॅन. निम्म्यांच्या कॅनमध्ये साखर, निम्म्यांच्या कॅनमध्ये बिनसाखरेचा गोडवा. कॅन दिसायला सारखे, कुणाला काय मिळतंय ते पोरांनाही माहीत नाही आणि देणाऱ्यांनाही नाही. वाढीचं वय, त्यामुळं वजन सगळ्यांचंच वाढलं. साखरवाल्यांचं सरासरी ७.३७ किलो, बिनसाखरवाल्यांचं ६.३५. तुमचा उपाशी पाव्हणा खरा असता तर आकडे उलटे यायला हवे होते.

जोतिबाच्या_नावानं

ताई, मान्य, पण ती पोरं होती, आणि समोर साखर होती. साखरेपेक्षा बरं म्हणजे चांगलं नव्हे. पाण्यासमोर उभं करा की. इराणमध्ये रोज डाएट पेय पिणाऱ्या लठ्ठ बायकांना २४ आठवडे डाएटिंगवर ठेवलं (२०१५). निम्म्यांना जेवणानंतर पाणी, निम्म्यांना नेहमीचं डाएट पेय. पाणीवाल्यांचं ८.८ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ७.६.

शिवाय अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले उंदीर, २००८. सॅकरिनचं दही खाणारे उंदीर साखरेचं दही खाणाऱ्यांपेक्षा जास्त खायला लागले आणि जाडही जास्त झाले. आणि इस्रायलमध्ये २०१४ ला दाखवलंय की असले गोडवे आतड्यातले जंतूच बदलून टाकतात. जंतू बदलले की सगळा कारभार बदलला.

प्रयोगशाळेतली_बाई

इराणचा अभ्यास खरा आहे. पण तो नीट वाचला तर डाएट पेय पिणाऱ्यांचंही साडेसात किलो उतरलंय! वाढलेलं नाही. किलोभराचा फरक आहे. आणि अमेरिकेत तसाच वर्षभराचा प्रयोग झाला, ३०३ माणसं, २०१६. तिथं उलटं. डाएट पेयवाल्यांचं ६ किलोच्या वर उतरलं, पाणीवाल्यांचं अडीचच्या आसपास.

जोतिबाच्या_नावानं

त्या अमेरिकन प्रयोगाला पैसे कुणी दिले तेही सांगा की. शीतपेय कंपन्यांच्या संघटनेनं.

प्रयोगशाळेतली_बाई

होय, त्यांनीच दिले, आणि म्हणूनच मी तो नंतर सांगितला, आधी नाही. पण पैशाचंच काढायचं तर साखरवाल्यांनी १९६० च्या दशकात हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन हृदयरोगाचं खापर चरबीवर फोडून घेतलं होतं, ते २०१६ मध्ये बाहेर आलं. (@ऊसकरी_करवीर, तुम्हाला नाही बोलत.)

उंदरांचं सोडा, उंदराला सॅकरिनच्या दह्यासोबत मोकळं खाणं ठेवलं होतं आणि उंदराला डॉक्टर 'पोट आत घ्या' म्हणालेला नव्हता. जंतूंचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्याच इस्रायली मंडळींनी २०२२ मध्ये १२० माणसांवर दोन आठवडे करून बघितलं. सॅकरिन आणि सुक्रालोजनं रक्तातल्या साखरेचं गणित काहींमध्ये बिघडलं, अस्पार्टेम आणि स्टीव्हियानं तसं दिसलं नाही. पण तो प्रश्न रक्तातल्या साखरेचा, ८२ किलोचा नव्हे.

पांढरा_रस्सा

एवढं वाचून मला भूक लागली. हे पण डाएटमुळंच का?

थंड_गरम_राजारामपुरी

माझं कोल्ड्रिंकचं दुकान आहे, राजारामपुरीत. अभ्यासबिभ्यास काय कळत नाही, पण गिऱ्हाईक रोज बघतो.

साधं कोल्ड्रिंक मागणारा तेवढंच घेऊन जातो. डाएट मागणाऱ्याच्या हातात आधीच कायतरी असतं. मटणाच्या पार्सलची पिशवी, वड्याची पुडी, नाहीतर केकचं खोकं. बुधवारी आणि रविवारी तर बघायलाच नको. एक साहेब नेमानं येतात, तांबड्या-पांढऱ्याची दोन पार्सलं एका हातात, "डाएटच द्या हं, साखर नको" असं दोनदा बजावतात, आणि जाताना काउंटरवरची दोन चिक्क्यांची पाकिटं उचलतात. एकदा म्हटलं, साहेब चिक्कीत गूळ आहे. म्हणाले, म्हणूनच तर डाएट घेतलं.

जोतिबाच्या_नावानं

😂 बघा, शेजारच्या घरात शिरलाच पाव्हणा.

प्रयोगशाळेतली_बाई

शिरला, पण उपाशी होता म्हणून नाही. आपण साखर वाचवली याचा हक्क वसूल करायला शिरला. ही भूक पोटाची नसून खातेवहीतली आहे.

मंगळवार_पेठेतली_सून

इथं सगळे वजनाचंच बोलताय म्हणून जरा लिहिते. आमच्या सासऱ्यांना बारा वर्षं शुगर आहे. लग्नात, बारशाला सगळ्यांच्या हातात ग्लास असतो आणि ते कोपऱ्यात नुसते बसून. आता त्यांच्यासाठी एक डाएटची बाटली पिशवीतनं नेते. महिन्यातनं एकदा-दोनदा. त्यावर बायका मला म्हणतात, "अगं कॅन्सर होतोय त्यानं, व्हॉट्सॲपवर आलंय." वर दुसऱ्या हातानं मामंजींना जिलेबीचा आग्रह!

आणि दादा, तो २०२३ चा सल्ला तुम्ही अर्धाच सांगितलात. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना तो लागू नाही असं त्यातच लिहिलंय. मी डॉक्टरांकडून खात्री करून घेतली.

प्रयोगशाळेतली_बाई

ताई, अगदी बरोबर. आणि कॅन्सरचं म्हणाल तर जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं अस्पार्टेमला 'कदाचित कॅन्सर होत असेल' च्या यादीत टाकलं, म्हणजे पुरावा अपुरा, शंका नोंदवून ठेवली. त्याच वेळी खाण्यातल्या पदार्थांची मर्यादा ठरवणाऱ्या दुसऱ्या समितीनं अस्पार्टेमची रोजची मर्यादा होती तीच ठेवली, वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम. महिन्यातनं एक-दोन बाटल्या त्याच्या आसपाससुद्धा जात नाहीत. जिलेबीचं त्या बायकांना विचारा.

ऊसकरी_करवीर

आता कामाचं बोलतो. एवढी रसायनं प्यायची कशाला? उन्हाळ्यात गुऱ्हाळावर या, काईलीतला ताजा गूळ काढून देतो, लिंबू पिळून सरबत करा. कोल्हापूरचा गूळ जगात नावाजलाय. गुळानं वजन वाढत नाही, आमचा आजा नव्वदीपर्यंत खात होता.

मंगळवार_पेठेतली_सून

आबा, तुमचा आजा दिवसभर उसात राबत होता. गुळात आणि साखरेत कॅलरीचा फरक अगदी किरकोळ आहे. सासऱ्यांना तेच सांगून सांगून थकले, आता तुम्ही नको.

ऊसकरी_करवीर

राबत होता हे खरं आहे. बरं.

प्रयोगशाळेतली_बाई

@रंकाळा_फेरी, तुम्ही धागा काढून गायब झालात. एक विचारते, खरं सांगा. 'साधं कोल्ड्रिंक बंद करून डाएट' म्हणालात. आधी साधं कोल्ड्रिंक रोज पीत होता का?

विचारायचं कारण असं. ३०० मिली साध्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण ३०-३२ ग्रॅम साखर, म्हणजे १२५-१३० कॅलरी. रोजचं ते बंद करून डाएट घेतलं तर रोज तेवढं वाचलं. पण जो आधी पाणी किंवा ताक पीत होता त्यानं डाएट सुरू केलं तर वाचलं काय? परदेशातले बरेच प्रयोग रोज गोड पेय ढोसणाऱ्यांच्या देशातले आहेत. आपल्याकडं माणूस कोल्ड्रिंक पितो ते लग्नात, नाहीतर बिर्याणीबरोबर. डाएट कशाच्या जागी आलं ते बघितल्याशिवाय त्यानं वाढतं की उतरतं हे सांगताच येणार नाही.

रंकाळा_फेरी

गायब नाही, वाचत होतो. लाजत होतो म्हणा.

रोज नाही पीत होतो. रविवारी मटणाबरोबर, आणि मधे एखादं. इतर दिवशी संध्याकाळी ताक असायचं, आई करायची, कोथिंबीर-जिरं घालून. डाएट सुरू झालं आणि ताक बंद पडलं. पण ताकानं काय ४ किलो उतरत नव्हतं.

प्रयोगशाळेतली_बाई

ताकाबरोबर काय खात होता?

रंकाळा_फेरी

काही नाही. ताक पिऊन कपडे बदलायचो, मग जेवण.

प्रयोगशाळेतली_बाई

आणि कॅनबरोबर?

रंकाळा_फेरी

थांबा. आज बघून सांगतो.

(रात्री पावणेदहा)

बघितलं. आठ महिने रोज करतोय आणि आज पहिल्यांदा बघितलं. घरी आलो, फ्रिजमधनं कॅन काढला, फोडला. तो फस्स आवाज झाला आणि डावा हात आपोआप फडताळातल्या भडंगाच्या डब्याकडं गेला. झाकण अंगठ्यानंच उघडतं, एवढा सराव. लसूण, मिरची, आणि खाली बसलेले तेलकट शेंगदाणे. टीव्ही बघत एक घोट, एक मूठ. तिखट लागलं की घोट, गोड झालं की मूठ. कॅन संपेपर्यंत चार मुठी. मुठी मी आज मोजल्या, त्याआधी देव जाणे. ताकाबरोबर भडंग कधी खावंसं वाटलं नव्हतं.

थंड_गरम_राजारामपुरी

भडंगाची पाकिटं माझ्याकडंपण डाएटच्याच शेजारी लावलेली हायत. मुद्दाम नव्हं, आपोआप तिथं आली. खप तिथंच हाय.

प्रयोगशाळेतली_बाई

हिशेब लावू या, ढोबळच. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी धरतात. ४ किलोच्या झाल्या ३०,८००. आठ महिने म्हणजे २४० दिवस. दिवसाला १२८. शेंगदाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये ५६० च्या वर कॅलरी असतात, म्हणजे १२८ ला जेमतेम २३ ग्रॅम दाणे पुरतात. तुमच्या चार मुठींत दाणे आहेत, चुरमुरे आहेत आणि वरनं तेल आहे. माणसाचं अंग इतकं सरळ गणितानं चालत नाही, पण चोर कुठल्या बोळात शिरला तेवढं तरी दिसतंय.

पांढरा_रस्सा

तरी रविवारचं मटण अजून मोजलेलं नाही कुणी. मोजू नका.

रंकाळा_फेरी

भडंगाचा डबा आईनं माळ्यावर टाकलाय आणि शिडी शेजाऱ्यांना दिलीय. बायकोला हा सगळा धागा वाचून दाखवला. म्हटलं, बघ, कॅनची चूक नाही, भडंगाची आहे. ती म्हणाली, "कॅन नव्हता तेव्हा भडंग खात होतात का? नाही ना? मग वजन कॅननंच वाढवलं." आता हिला काय उत्तर देऊ?

जोतिबाच्या_नावानं

वहिनींना नमस्कार सांगा. पहिल्यापासून मी हेच म्हणतोय.

प्रयोगशाळेतली_बाई

नाही, तुम्ही आतड्यातले जंतू म्हणत होता.