स्ट्रिकलंड यांचा लेख परत पाठवला, तेव्हा नियम चुकला की संपादक?

मृण्मयी_क
२०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा आला. तपासणाऱ्या संपादकाने तो मे महिन्यात परत पाठवला. कारण दिलं की संदर्भांवरून उल्लेखनीयता, म्हणजे स्वतंत्र पान असण्याइतकं महत्त्व, सिद्ध होत नाही. २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हाही त्यांच्या नावाचं पान नव्हतं. मेरी क्युरी (१९०३) आणि मारिया गोपर्ट-मायर (१९६३) यांच्यानंतर हा मान मिळालेल्या त्या तिसऱ्याच स्त्री. १९८५ मध्ये लेसरच्या अतिलघू स्पंदांवरचा शोधनिबंध त्यांनी जेरार मुरू यांच्यासोबत लिहिला होता. मुरूंचं पान २००५ पासून आहे. मला हा सरळ अन्याय वाटतो.

तळटीप
नोबेल मिळाल्यावर संपादकाला दोष देणं सोपं आहे. मसुद्यात संदर्भ कुठले होते? विद्यापीठाचं पान आणि ऑप्टिकल सोसायटीचं पान. दोन्ही त्यांच्याच संस्था. हयात माणसाचं चरित्र त्याच्या संस्थेच्या भरवशावर छापायला लागलो, तर प्रत्येक महाविद्यालय आपल्या प्राध्यापकांची जाहिरात तिथे आणून ठेवेल. वृत्तपत्रांनी तीस वर्षं या बाईंवर लिहिलं नाही, त्याचा जाब पत्रकारांना विचारा. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या प्रमुख कॅथरीन मार यांनीही हेच मांडलं होतं: जगातला पक्षपात विकिपीडियात उमटतो, तो तिथे जन्मत नाही.

मृण्मयी_क
तळटीप, इथेच तुमचं म्हणणं पटत नाही. अभ्यासकांसाठी विकिपीडियाचा वेगळा निकष आहे. संशोधकाच्या चरित्रावर दुय्यम स्रोतांत (म्हणजे इतरांनी त्याच्याबद्दल केलेल्या लेखनात) काही आलं नसलं, तरी त्याच्या कामाचा प्रभाव मोठा असू शकतो, हे त्यात स्पष्ट मान्य केलंय. मोठ्या विद्वत्संस्थेचं अध्यक्षपद हा त्यातला एक निकष. स्ट्रिकलंड २०१३ मध्ये ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. अध्यक्ष कोण होतं हे त्या संस्थेच्या पानावरून नाही कळणार, तर कुठून? नियम होता, तो लावला गेला नाही.

शेवाळ
स्ट्रिकलंड यांचं प्रकरण त्या मानाने सोपं. क्लॅरिस फेल्प्स यांचं बघा. ११७ व्या मूलद्रव्यासाठी, म्हणजे टेनेसिनसाठी लागणारं बर्केलियम अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत शुद्ध करणाऱ्या चमूत त्या होत्या. २०१९ मध्ये त्यांचं पान वगळलं, मोठा वाद झाला, २०२० मध्ये ते परत आलं. त्या प्राध्यापक नाहीत आणि काम चमूचं. अभ्यासकांचा निकष तिथे पुरत नाही. शेवटी त्यांच्याबद्दल स्वतंत्र माणसांनी काय लिहिलंय, इथेच यावं लागतं. म्हणून मी तळटीप यांच्या बाजूने.

दिवाळी_अंक
मराठीत अभ्यासकांवर पान लिहायला बसा म्हणजे दोन्ही निकष कसे तोकडे पडतात ते कळेल. बोलींवर, लोकसाहित्यावर जन्मभर काम केलेल्या माणसाचे ग्रंथ मराठीत, ते उद्धरणांच्या आंतरराष्ट्रीय मोजणीत जवळजवळ येतच नाहीत. त्याच्यावर लेखन सापडतं ते गौरवग्रंथात आणि स्मरणिकेत. तेच उडवून लावलं तर आपले निम्मे अभ्यासक बाहेर राहतील, आणि हे मला सहन होत नाही.

तळटीप
गौरवग्रंथ विद्यार्थी आणि स्नेही लिहितात, कौतुकासाठीच लिहितात. तो स्वतंत्र स्रोत मानणार नाही. पण ‘नवभारत’मध्ये किंवा ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिके’त पुस्तकाचं सविस्तर परीक्षण आलं असेल, तर वर्ष-अंक देऊन टाका. पान वगळायच्या चर्चेत ‘लेख ठेवा’ असं मी स्वतः लिहीन.

दिवाळी_अंक
ते जुने अंक ग्रंथालयात बसून चाळावे लागतात, आणि तपासणारा संपादक महाजालावर दुवा मागतो. छापील संदर्भ नियमाने चालतो, तरी दुवा नाही म्हणून पानावर ‘संदर्भ हवा’ अशा सूचनेचा साचा लागतो. दुव्याचा हा हट्ट आधी सोडा, तळटीप. मग गौरवग्रंथाबद्दल बोलू.