मदत हवी आहे: एमजीबीचे इंजिन पुन्हा बोअर करावे की लाइनर बसवावेत?

माझ्याकडे इंग्लंडमध्ये १९७२ सालची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) असून तिचे १७९८ सीसीचे इंजिन मूळचेच आहे. इंजिन गरम झाल्यावर ऑइल प्रेशर फार खाली येते आणि चढावर निळसर धूर निघतो. ऑइल २०डब्ल्यू५० आहे, मीटर दुसऱ्या मीटरशी ताडून पाहिला आहे, रिलीफ व्हॉल्व्हची (ऑइलचे प्रेशर मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) स्प्रिंगही बदलली आहे. तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा बरेच कमी होते, पण प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडताच ते वाढले, म्हणजे रिंग किंवा सिलिंडर झिजल्याची खूण, म्हणून हेड उघडले. तेव्हा पिस्टनवर ‘०४०’ हा शिक्का दिसला, म्हणजे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आधीच ०.०४० इंच वाढवलेले आहे.

हेडला शिसेविरहित पेट्रोलसाठी कठीण व्हॉल्व्ह सीट पूर्वीच बसवल्या आहेत. जोडणी मी स्वतः करणार आहे, फक्त मशीनिंग बाहेरून. एकूण मर्यादा ३,००० पौंडांची आहे आणि ब्लॉक बदलायचा नाही. हा खर्च विक्रीत वसूल होणार नाही हे ठाऊक आहे. आपल्या हाताने जोडलेले इंजिन सुरू होताना ऐकायचे आहे, एवढाच हट्ट.

अशा स्थितीत ०.०६० इंचापर्यंत बोअर करणे रोजच्या वापराला सुरक्षित ठरेल, की चारही लाइनर (सिलिंडरच्या आत बसवायच्या धातूच्या नळ्या) बसवून मूळ ८०.२६ मिमीवर परतावे, आणि दोहोंच्या मशीनिंगच्या खर्चात तुम्हाला प्रत्यक्षात किती फरक पडला?