नौपाड्यातल्या डीटीपीच्या दुकानासाठी: कोरलचा पॅच टाकू का?

नौपाडाकर: लग्नपत्रिका, बिलबुकं, थोडेफार फ्लेक्स असं काम आहे. नवा पीसी घेतलाय. बसवून देणारा म्हणतो, "कोरलचा (कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा) पॅच टाकून देतो, म्हणजे लायसन विकत घ्यायला नको, फक्त अँटिव्हायरस बंद ठेवा." याच पीसीवर जीएसटी आणि बँकेचंही काम होतं. टाकू का? की स्वस्तात दुसरं काही आहे?

ऐरोलीवाला: अजिबात नको. लायसन चुकवायला पॅच प्रोग्रॅमच्या फाइलीच बदलतो, त्यामुळे निरुपद्रवी असला तरी अँटिव्हायरस ओरडतोच. लोकांना ते दुर्लक्षित करायची सवय झालीये आणि व्हायरसवाले नेमका त्याचाच फायदा घेतात. स्टॉप/डीजेव्हू हे रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) मुख्यतः अशा क्रॅकमधूनच, म्हणजे लायसन चुकवणाऱ्या पॅचसारख्या फाइलींमधूनच पसरलं. ते सगळ्या फाइलींना कुलूप लावतं, गिऱ्हाइकांची आर्टवर्क धरून. एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीने २०१९ मध्ये कुलूप उघडणारा मोफत डिक्रिप्टर काढला, पण व्हायरसच्या नंतरच्या व्हर्जनमध्ये ऑनलाइन की (दर पीसीसाठी सर्व्हरवरून आलेली वेगळी किल्ली) वापरली असेल तर तो चालत नाही. रेडलाइनसारखे स्टीलर (माहिती चोरणारे व्हायरस) तर आवाजही करत नाहीत. ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज (तुम्ही लॉगिन आहात हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) उचलतात. चालू लॉगिनची कुकी गेली की तुमच्या मेलमध्ये शिरायला ओटीपीसुद्धा लागत नाही.

घोडबंदर_ट्रॅफिक: आमच्याकडे वर्षानुवर्षं पॅचवरच चाललंय. काही झालं नाही.

ऐरोलीवाला: झालं नाही की कळलं नाही? पासवर्ड नेणारा बेल वाजवून येत नाही हो.

कोर्टनाका: कायद्याचंही बघा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३बी: जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. दुकानाला ती सवलत कुठली!

वाशी_डीटीपी: डिझाइनसाठी इंकस्केप आणि पानं लावायला स्क्रायबस घ्या, दोन्ही सॉफ्टवेअर मोफत. मराठीसाठी मुक्ता, बालू हे युनिकोड फॉन्टही फुकट मिळतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर मात्र कन्व्हर्टरमधून काढावा लागेल, आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, रफार हमखास घोटाळा करतो.

नौपाडाकर: पण प्रेसवाला सीडीआरच (कोरलची फाइल) मागतो.

वाशी_डीटीपी: इंकस्केप सीडीआर उघडतं, बरेचदा थोडं विस्कटून, पण त्यात सेव्ह करत नाही. स्क्रायबसमधून सीएमवायके (छपाईच्या चार रंगांतली) पीडीएफ द्या. प्रेसवाला अडूनच बसला तर एका पीसीपुरतं कोरलचं लायसन घ्या आणि बँकेचं काम दुसऱ्या मशीनवर न्या.