लाईट गेली आणि २०२० आठवलं

वडगावकर:
आत्ता दुपारी लाईट गेली. गल्लीतले सगळे माग एकदम गप्प. धस्सच झालं बगा. मार्च २०२० ला असंच झालेलं. २२ ला जनता कर्फ्यू, २५ पासून २१ दिवस लॉकडाऊन, पुढं मोजायचं सोडलं. आमच्या बाबांना खटखटीशिवाय झोप नाही. रात्री दोनला उठून मागाजवळ जायचे, धोटा हातात घेऊन बसायचे. अर्धी साडी तशीच मागावर. आई म्हणायची, "झोपा की ओ." ते म्हणायचे, "ऐकू येईना झालंय." कान ठणठणीत होते! आम्ही उलट चिडायचो. तुमच्याकडं काय झालेलं? लिवा.

निपाणीची_ताई:
आमच्यात विड्या. कारखाना बंद म्हणजे पान-तंबाकू नाही. सासूबाई रिकामं सूप मांडीवर घेऊन बसायच्या, बोटं आपोआप वळायची. आणि बचत गटाचा हप्ता... थांबा, कुकर लावलाय.

खानापूरचे_गुरुजी:
खरं सांगू? आयुष्यातला सगळ्यात निवांत काळ. पगार चालू, सगळे घरात, रोज कॅरम.

शहापूरची_वैनी:
गुरुजी, कॅरम खेळताना चहा कोण आणत होतं? आमच्यात आठ माणसं, दोन खोल्या. मी मोरीत नळ सोडून रडायची. नळ मोठा सोडला की बाहेर ऐकू जात नाही. पाणी वाया घालवते म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

खानापूरचे_गुरुजी:
वैनी, हे बायकोला वाचून दाखवलं. ती हसली नाही.

उचगावची_लेक:
माहेर उचगाव कर्नाटकात, सासर शिनोळी महाराष्ट्रात. मध्ये नुसती राज्याची हद्द. वाटेवर मातीचा ढीग टाकलेला. आई बांधावर फणसाच्या भाजीचा डबा ठेवून मागं सरायची, मग मी पुढं. ते मागं सरणं अजून स्वप्नात येतं.

आशाताई:
मी आशा वर्कर. ज्या गल्लीनं थाळ्या वाजवल्या त्याच गल्लीत मला नळावर पाणी भरू देईनात. अजून तिकडनं जाताना पोटात गोळा येतो.

सांगावसं_वाटलं:
मी उद्यमबागेत फौंड्रीत. ४ मे ला दारूची दुकानं उघडली तेव्हा पहाटेपासून रांगेत होतो. त्याआधी सणासुदीला घेणारा माणूस मी. आता कमी केलीय, पण झोप बिघडली ती बिघडलीच.

आशाताई:
दादा, १४४१६ लावा, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाईन. फुकट आहे, रात्रीसुद्धा चालू असतं. लाजू नका.

सांगावसं_वाटलं:
बघतो ताई.

नवीन_सभासद:
फणसाच्या भाजीत सुकं खोबरं घालता की ओलं?

उचगावची_लेक:
ओलंच ओ!

शहापूरची_वैनी:
वडगावकर, लाईट आली काय? बाबा कसे आहेत आता?

वडगावकर:
आत्ताच आली. माग सुरू झाले, बाबा आडवे झाले. फोन करू नका कोणी, काय ऐकू येत नाही इथं.

निपाणीची_ताई:
आले परत. डाळ करपली. कुठवर आलं?