मदत हवी आहे: आबांच्या पार्किन्सनसाठी स्टेम सेल उपचार घ्यावेत का?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे, राजारामपुरीत राहतो. आबांना (वय ६८) पार्किन्सन होऊन सहा वर्षं झाली. रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारणारा माणूस आता उंबऱ्यापाशी अडतो, पाय उचलतच नाही. लेव्होडोपाचा (पार्किन्सनच्या नेहमीच्या गोळीचा) असर पुढच्या गोळीआधीच उतरतो.

बाहेरगावच्या एका क्लिनिकने पोटाच्या चरबीतून स्टेम सेल (ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) काढून सलाईनमधून देतो म्हणून साडेचार लाख सांगितलेत. आबा गावाकडचं रान विकायला निघालेत. माझा जीव थाऱ्यावर नाही.

मी वाचलं ते असं: जपानच्या क्योटो विद्यापीठात २०१८ पासून ७ रुग्णांच्या थेट मेंदूत, प्रयोगशाळेत तयार केलेल्या डोपामाइन (पार्किन्सनमध्ये मेंदूत कमी पडणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी सोडल्या. तोही प्रयोगच, मुख्यतः सुरक्षितता तपासायला. मग शिरेतून दिलेल्या चरबीच्या पेशी मेंदूत डोपामाइन कशा बनवणार? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा आजारात हे फक्त मान्य चाचणीतच करता येतं, आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत.

कुणी असा उपचार घेतलाय का? सहा महिन्यांनी काय फरक राहिला, खरं सांगा. सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) चाचणीची नोंद कशी शोधायची? आणि कोल्हापूर-सांगलीत आबांना शांतपणे समजावून सांगतील असे न्यूरोलॉजिस्ट कोण? माझं ते ऐकत नाहीत.